एकत्र कुटुंब, एकच डिस्क: घरच्या लिनक्स सर्व्हरवर फाईल शेअरिंग

आमच्या कोल्हापुरातल्या, शिवाजी पेठेतल्या घरात फाईलींचा नुसता पसारा होता. दादाचं गुजरीत सोन्याचं काम. साजाच्या पानांची डिझाईन्स त्याच्या लॅपटॉपवर. हिशोब वहिनी बघतात, तो त्यांच्या लॅपटॉपवर. पुतण्या शाहू स्टेडियमवर मॅच शूट करतो आणि पेठेतल्या प्रत्येक गोलाचा व्हिडिओ जपून ठेवतो. आईचे फोटो पेन ड्राइव्हवर, आणि तो पेन ड्राइव्ह कुठे आहे ते आईलाही माहीत नाही.

यावर उपाय म्हणून राजारामपुरीतल्या दुकानातून एक जुना ऑफिसचा डेस्कटॉप आणला, त्यात ४ टीबीची डिस्क टाकली आणि डेबियन हे लिनक्स चढवलं. शेअरिंग अर्ध्या तासात चालू झालं. पुढचे दोन महिने मी ते दुरुस्त करत होतो. फाईल नेटवर्कवर दिसायला लावणं सोपं असतं. कुणाला काय दिसावं, कुणी काय बदलावं आणि लाईट जाऊन आल्यावर काय व्हावं, हे आधी ठरवावं लागतं. मी ते नंतर ठरवलं. तुम्ही आधी ठरवा, म्हणून हा लेख.

एक खुलासा. टर्मिनलला देवनागरी कळत नाही. खालच्या कमांड मी पुतण्याला फोनवरून सांगतो तशा उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. टाकताना इंग्रजी लहान अक्षरं आणि इंग्रजी आकडेच टाकायचे. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे. ‘भांडार’, ‘साज’ ही नावं माझी आहेत. तुमची तुम्ही ठेवा, फक्त मध्ये मोकळी जागा सोडू नका.

मशीन कुठे ठेवायचं

कोल्हापुरात हा प्रश्न तळमजला की वरचा मजला असा सुरू होतो. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ साली पाणी त्याच्या कितीतरी वर गेलं होतं. शाहूपुरी, दुधाळी भागातल्या लोकांना हे सांगायची गरज नाही. पण उंचावर राहणाऱ्यांनीही मशीन जमिनीवर ठेवू नये. आमचं माडीवर आहे, भिंतीतल्या फळीवर.

राउटरपासून सर्व्हरपर्यंत केबलच टाका, वायफायवर भागवू नका. आणि राउटरच्या मागची पोर्टं बघा. गिगाबिट पोर्ट असेल तर सेकंदाला साधारण ११० एमबी मिळतात, १०० मेगाबिटचं असेल तर ११-१२. पुतण्याचं एका मॅचचं शूटिंग ४० जीबी भरतं. म्हणजे पहिल्या पोर्टावर ६ मिनिटं आणि दुसऱ्यावर जवळजवळ तास. इंटरनेट कंपनीने दिलेल्या स्वस्त राउटरची पोर्टं बऱ्याचदा १०० चीच असतात. अशा वेळी राउटर बदलायची गरज नाही, एक छोटा गिगाबिट स्विच घ्या आणि सर्व्हर आणि फाईली टाकायचा कॉम्प्युटर दोन्ही त्याला जोडा.

डेबियन चढवताना शेवटी काय काय हवं ते विचारतात तेव्हा डेस्कटॉपच्या पर्यायांपुढच्या सगळ्या खुणा काढा, एसएसएच सर्व्हर (दुसऱ्या मशीनवरून टर्मिनल उघडायची सोय) आणि स्टँडर्ड युटिलिटीज एवढंच ठेवा. रूटचा (मशीनच्या सर्वाधिकारी युजरचा) पासवर्ड विचारतात तिथे जागा रिकामी सोडली की तुमच्या युजरला सुडो, म्हणजे गरजेपुरता रूटचा अधिकार, आपोआप मिळतो. मग राउटरच्या डीएचसीपी (मशीनांना पत्ते वाटायच्या) पानावर जाऊन या मशीनसाठी एक पत्ता राखून ठेवा. आमचा १९२.१६८.१.५० आहे. पत्ता रोज बदलला तर घरातले सगळे रोज तुम्हालाच हाक मारणार.

डिस्क, आणि डिस्क नसताना काय

आधी कुठली डिस्क कुठली ते बघा:

एलएसबीएलके

साईझ बघून नवीन डिस्क ओळखा. इथे चुकलात तर सगळंच गेलं, म्हणून दोनदा बघा. ती ‘एसडीबी’ आहे असं धरू. एफडिस्कने उघडा, जी दाबून जीपीटी तक्ता बनवा (जुन्या पद्धतीच्या तक्त्यात २ टीबीच्या पुढे जाता येत नाही), एन दाबून एक पार्टिशन, डब्ल्यू दाबून बाहेर. मग:

सुडो एमकेएफएस.ईएक्सटी४ -एल भांडार -एम १ /डेव्ह/एसडीबी१

यातला पहिला एल मोठा. एम १ कशाला? ईएक्सटी४ सवयीने ५ टक्के जागा रूटसाठी राखून ठेवतं. सिस्टिमच्या डिस्कवर ते ठीक, पण ४ टीबीच्या डेटाच्या डिस्कवर म्हणजे २०० जीबी फुकट अडकून बसतात.

आता माझी फजिती. माउंट करायची जागा (ज्या फोल्डरातून डिस्क उघडते ती) म्हणून मी /एसआरव्ही/भांडार बनवलं आणि उत्साहाच्या भरात आतले फोल्डरही तेव्हाच बनवले, डिस्क जोडण्याआधी. सगळं नीट चाललं. मग एकदा लाईट जाऊन आली, डिस्क काही जागी झाली नाही, पण सर्व्हर झाला. सांबाला (फाईली शेअर करणाऱ्या प्रोग्रॅमला) /एसआरव्ही/भांडार/मॅच नावाचा फोल्डर दिसत होता, पुतण्या त्यात व्हिडिओ टाकत राहिला, आणि ते सगळं गेलं सिस्टिमच्या १२० जीबीच्या छोट्या एसएसडीवर. ती काठोकाठ भरली आणि सर्व्हर आडवा. वर आईचे जुने फोटो दिसेनात म्हणून घरात रडारड.

तेव्हा क्रम असा ठेवा. रिकामा फोल्डर बनवा आणि डिस्क जोडायच्या आधीच त्याला कुलूप लावा:

सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/भांडार
सुडो सीएचएटीटीआर +आय /एसआरव्ही/भांडार

आता डिस्क माउंट नसेल तर त्या जागी रूटलाही काही लिहिता येणार नाही. माउंट झाली की हे कुलूप खाली झाकलं जातं, डिस्कवर त्याचा काही परिणाम नाही. मग बीएलकेआयडीने डिस्कचा यूयूआयडी (तिचा ओळखक्रमांक) घ्या आणि /ईटीसी/एफएसटॅब मध्ये ही ओळ घाला:

यूयूआयडी=तुमचा-आकडा /एसआरव्ही/भांडार ईएक्सटी४ डिफॉल्ट्स,नोफेल ० २

सुरुवातीचा यूयूआयडी हा शब्द मोठ्या अक्षरांत. ‘एसडीबी१’ असं नाव इथे लिहू नका. दुसरी डिस्क लावली की ही नावं जागा बदलतात, यूयूआयडी बदलत नाही. नोफेल नसेल तर डिस्क बिघडलेल्या दिवशी सर्व्हर बूटच होत नाही आणि माडीवर स्क्रीन-कीबोर्ड घेऊन चढावं लागतं. पुढे:

सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड
सुडो माउंट -ए
फाइंडएमएनटी /एसआरव्ही/भांडार

शेवटच्या कमांडने डिस्कचं नाव दाखवलं तरच पुढे जा.

कुणाचं काय

कागदावर लिहा. खरंच कागदावर. आमच्याकडे असं ठरलं: साजाची डिझाईन्स आणि हिशोब दादा आणि वहिनींनाच, फोटो सगळ्यांना, मॅचचे व्हिडिओ सगळ्यांनी बघायचे, पण टाकायचे-काढायचे फक्त पुतण्याने.

इंटरनेटवरचा सोपा सल्ला असतो, सीएचमॉड ७७७ करा (सगळ्यांना सगळी परवानगी) आणि गेस्टला मोकळं सोडा. मी तेच केलं होतं. दोन तोटे झाले. शेजारचा मुलगा वायफायचा पासवर्ड घेऊन गेला आणि त्याला दादाची डिझाईन्स उघडता येत होती. दुसरं म्हणजे विंडोज ११ च्या २४एच२ पासून प्रो आवृत्तीत बिनपासवर्डाचं गेस्ट शेअरिंग मुळातच बंद असतं. वहिनींच्या नव्या लॅपटॉपवर काही केल्या उघडेना. पासवर्डवालं शेअरिंग हेच कमी कटकटीचं.

प्रत्येकासाठी लिनक्सचा युजर बनवा, पण सर्व्हरवर लॉगिन करता येणार नाही असा:

सुडो युजरअ‍ॅड -एम -एस /यूएसआर/एसबिन/नोलॉगिन दादा

इथला एम मोठा, म्हणजे होम फोल्डर नको, एस लहान. असंच वहिनी, आई, पुतण्या. मग गट:

सुडो ग्रुपअ‍ॅड साज
सुडो ग्रुपअ‍ॅड घर
सुडो युजरमॉड -एजी साज,घर दादा

‘एजी’ मधला ए लहान, जी मोठा. ए विसरलात तर आधीचे सगळे गट पुसले जातात. वहिनींना दोन्ही गट. आई आणि पुतण्याला फक्त घर. आता डिस्कवरचे फोल्डर:

सुडो एमकेडीआयआर /एसआरव्ही/भांडार/साज
सुडो सीएचजीआरपी साज /एसआरव्ही/भांडार/साज
सुडो सीएचमॉड २७७० /एसआरव्ही/भांडार/साज

फोटोच्या फोल्डरला गट ‘घर’. मॅचच्या फोल्डरचा मालक पुतण्या, गट ‘घर’ आणि आकडा २७५०. यातला पुढचा २ फार महत्त्वाचा आहे. तो नसेल तर दादाने टाकलेली फाईल दादाच्या गटाची होते, वहिनींनी टाकलेली वहिनींच्या गटाची, आणि दोघांना एकमेकांच्या फाईली बदलता येत नाहीत. २ लावला की आत येणारी प्रत्येक नवी फाईल फोल्डरचाच गट घेते. वहिनी महिनाभर म्हणत होत्या, “भाऊजी, मला दिसतंय पण सेव्ह हुईना झालंय,” त्याचं कारण एवढंच होतं.

सांबा

सुडो एपीटी इन्स्टॉल सांबा

अँड्र्यू ट्रिजेल या ऑस्ट्रेलियन माणसाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा प्रोग्रॅम लिहायला घेतला. एस, एम, बी ही अक्षरं याच क्रमाने येणारा शब्द त्याने शब्दयादीत शोधला आणि ‘सांबा’ सापडला. एसएमबी म्हणजे विंडोज फाईली वाटायला वापरतं तो प्रोटोकॉल.

प्रत्येकाला सांबाचा पासवर्ड द्यावा लागतो. तो लिनक्सच्या पासवर्डापेक्षा वेगळा असतो:

सुडो एसएमबीपासडब्ल्यूडी -ए दादा

आता /ईटीसी/सांबा/एसएमबी.कॉन्फ उघडा. डेबियनने त्यात होम्स आणि प्रिंटर्सचे विभाग आधीच दिलेले असतात. आपल्याला नकोत, त्यांच्यापुढे अर्धविराम लावून गप्प करा. ग्लोबल विभागात ‘मॅप टू गेस्ट = बॅड यूजर’ अशी ओळ असेल, तिथे ‘नेव्हर’ करा. नाहीतर कुणी युजरचं नाव चुकीचं टाकलं तर सांबा त्याला “चूक आहे” म्हणत नाही, गुपचूप गेस्ट समजतो, आणि तुम्ही तासभर भलतीकडेच शोधत बसता. त्याखाली:

हॉस्ट्स अलाउ = १२७. १९२.१६८.१.

आकड्यांच्या शेवटी टिंब राहू द्या. तुमच्या राउटरचे आकडे वेगळे असतील तर ते घाला. मग फाईलच्या तळाशी शेअर:

[साज]
पाथ = /एसआरव्ही/भांडार/साज
व्हॅलिड यूजर्स = @साज
रीड ओन्ली = नो
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०
व्हीएफएस ऑब्जेक्ट्स = रिसायकल
रिसायकल:रिपॉझिटरी = .कचरा/%यू
रिसायकल:कीपट्री = यस
रिसायकल:व्हर्जन्स = यस

टक्क्यानंतरचा यू मोठा. फोटोचा आणि मॅचचा विभाग असाच, फक्त पाथ ज्याचा-त्याचा आणि गट @घर. मॅचच्या विभागात रीड ओन्ली = यस ठेवा आणि त्याखाली ‘राईट लिस्ट = पुतण्या’; मास्क अनुक्रमे ०६४० आणि २७५०.

रिसायकलच्या चार ओळी टाळू नका. नेटवर्कवरून डिलीट केलेली फाईल विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जाते. या ओळींमुळे ती .कचरा मध्ये ज्याच्या-त्याच्या नावाखाली पडून राहते. ‘.कचरा’ फोल्डर मात्र तुम्हीच आधी हाताने बनवा आणि त्यालाही शेअरसारखाच गट आणि २७७० द्या. पहिल्या डिलीटच्या वेळी सांबाने तो बनवला तर तो ज्याने डिलीट केलं त्याचाच होतो आणि बाकीच्यांना आत शिरता येत नाही.

सुडो टेस्टपार्म
सुडो सिस्टिमसीटीएल रीस्टार्ट एसएमबीडी

टेस्टपार्म शुद्धलेखनाच्या चुका दाखवतो, त्याचं ऐका. फायरवॉल म्हणून यूएफडब्ल्यू चढवा, आणि चालू करण्याआधी एसएसएचला वाट द्या, नाहीतर स्वतःलाच बाहेर कोंडून घ्याल:

सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट २२ प्रोटो टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू अलाउ फ्रॉम १९२.१६८.१.०/२४ टू एनी पोर्ट ४४५ प्रोटो टीसीपी
सुडो यूएफडब्ल्यू एनेबल

पुतण्याने लगेच विचारलं, “काका, कॉलेजातनं बी बघायला येईल का?” राउटरवर ४४५ पोर्ट बाहेरच्या जगाला उघडायचं नाही, कितीही गळ घातली तरी. २०१७ चा वॉनाक्राय हा खंडणी मागणारा व्हायरस याच एसएमबीच्या जुन्या पहिल्या आवृत्तीतल्या भोकातून जगभर पसरला. बाहेरून हवंच असेल तर आधी वायरगार्डचा व्हीपीएन (बाहेरून घरच्या नेटवर्कात यायची बंदिस्त वाट) लावा. तो वेगळा विषय आहे.

घरातल्यांच्या मशीनवर

विंडोजवर फाईल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलटे स्लॅश देऊन सर्व्हरचा पत्ता टाका. नाव-पासवर्ड विचारेल तिथे सांबाचा पासवर्ड. लॅपटॉप उघडायचा चार आकडी पिन इथे चालत नाही, आणि घरातला प्रत्येक जण पहिल्यांदा तोच टाकतो. शेअर दिसला की राईट क्लिक करून नेटवर्क ड्राइव्ह म्हणून जोडून द्या. वहिनींच्या लॅपटॉपवर ती ‘झेड’ आहे. नेटवर्कच्या यादीत सर्व्हर आपोआप दिसत नाही म्हणून हळहळू नका. डब्ल्यूएसडीडी२ चढवून फायरवॉलमध्ये त्यालाही वाट दिली की दिसतो, पण ड्राइव्ह जोडलेली असल्यावर त्या यादीत कोण जातंय?

विंडोजची एक खोड लक्षात ठेवा. एकाच सर्व्हरला एकाच वेळी दोन वेगळ्या नावांनी जोडता येत नाही. एकदा दादाच्या नावाने जोडून मग वहिनींच्या नावाने प्रयत्न केला की अगम्य एरर येतो. कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज * /डिलीट’ टाकून पुन्हा जोडा.

अँड्रॉइडवर आणि टीव्हीवर व्हीएलसी पुरतं, लोकल नेटवर्कमध्ये जाऊन व्हिडिओ थेट लागतो. टीव्हीचं स्वतःचं जुनं ॲप मात्र कदाचित एसएमबीची पहिली आवृत्तीच बोलत असेल. सांबाने २०१९ मध्ये, ४.११ पासून ती आपणहून बंद केली. टीव्हीसाठी ती पुन्हा चालू करू नका, टीव्हीवरच व्हीएलसी टाका. मॅकवाल्यांनी फाईंडरच्या गो मेनूत कनेक्ट टू सर्व्हर.

माझा स्वतःचा लॅपटॉप लिनक्सवर आहे, त्याच्यासाठी एनएफएस (लिनक्स मशीनांमधलं फाईल शेअरिंग) लावून बघितलं. हलकं आहे, पण साधं एनएफएस नाव-पासवर्ड विचारत नाही. युजरच्या नंबरावर विश्वास ठेवतं. लॅपटॉपवरचा नंबर १००० आणि सर्व्हरवरचा नंबर १००० ही वेगळी माणसं असली तरी त्याला एकच वाटतात. वापरायचंच असेल तर /ईटीसी/एक्स्पोर्ट्स मध्ये पत्ता आणि त्यानंतरचा कंस यांच्यात मोकळी जागा सोडू नका. एका स्पेसमुळे कंसातली परवानगी त्या पत्त्याऐवजी सगळ्या जगाला मिळते. मी दोन आठवड्यांत एनएफएस काढलं. मिश्र घरात सांबाच एकटा बरा.

उघडत नाही तेव्हा

दोन कुलपं आहेत हे डोक्यात ठेवा. सांबाचं कुलूप म्हणजे वाड्याचा दिंडी दरवाजा, लिनक्सच्या परवानग्या म्हणजे आतल्या खोलीची कडी. दोन्ही उघडी असतील तरच माणूस आत जातो. पासवर्डच घेत नसेल तर सांबा बघा: सुडो पीडीबीएडिट -एल (एल मोठा) टाकून युजर यादीत आहे का. पासवर्ड घेतो पण फोल्डर उघडत नाही, तर कडी:

नेमआय -एल /एसआरव्ही/भांडार/साज

वरून खालपर्यंत प्रत्येक फोल्डरचा मालक, गट आणि परवानगी ही कमांड एकाखाली एक दाखवते, अडलेली पायरी लगेच दिसते. शेअर तुमच्या होम फोल्डरच्या आत ठेवलं असेल तर नव्या डेबियनमध्ये बहुधा तिथेच अडतं, कारण होम फक्त मालकालाच उघडं असतं. म्हणून सुरुवातीपासून /एसआरव्ही.

गटात नवं माणूस घातलं तर त्याच्या मशीनचं जोडणं तोडून पुन्हा जोडा, जुन्या जोडणीला नवा गट कळत नाही. सुडो एसएमबीस्टेटस टाकलं की कोण जोडलंय आणि कुठली फाईल कुणी उघडून ठेवलीय ते दिसतं. “फाईल लॉक आहे” अशी तक्रार आली की आमच्याकडे उत्तर बहुतेक वेळा दादाचा चालू ठेवलेला लॅपटॉप असतं.

मराठी नावांबद्दल एक. देवनागरी फाईलनावं सांबावर उत्तम चालतात, पण ईएक्सटी४ मध्ये नावाला २५५ बाइट्सची मर्यादा आहे आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट्स खातं. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळी वेगळी मोजली जातात. म्हणजे ८५ चिन्हं. आईने एका फोल्डरला “…यांच्या मुंजीचे जोतिबाच्या डोंगरावर गेलो होतो तेव्हाचे…” असं नाव द्यायला घेतलं आणि ते अर्ध्यात अडलं.

दुसरी प्रत

दोन डिस्कांचं रेड (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहायची पद्धत) लावू का, असं सगळे विचारतात. रेडमुळे एक डिस्क मेली तरी काम चालू राहतं, पण चुकून पुसलेली फाईल दोन्ही डिस्कांवरून एकदमच जाते. घराला काम न थांबण्यापेक्षा दुसऱ्या प्रतीची जास्त गरज असते. मी दुसरी डिस्क यूएसबीच्या डबीत घातली आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आरसिंक या प्रोग्रॅमने प्रत करतो:

माउंटपॉइंट -क्यू /एसआरव्ही/भांडार && माउंटपॉइंट -क्यू /एमएनटी/प्रत && सुडो आरसिंक -ए --डिलीट /एसआरव्ही/भांडार/ /एमएनटी/प्रत/भांडार/

सुरुवातीचे दोन माउंटपॉइंट गाळू नका. डिलीट म्हणजे मुळात नसलेलं प्रतीतूनही काढ. मुख्य डिस्क माउंट झालेली नसेल तर आरसिंकला मूळ फोल्डर रिकामा दिसतो, आणि तो इमानदारीने प्रतही रिकामी करतो. लाईट जाऊन आल्यावरचा तोच किस्सा, फक्त या वेळी परतीची वाट नाही.

प्रत झाली की त्यातली एखादी फाईल उघडून बघतो, शक्यतो दादाचं एखादं डिझाईन, कारण ते बिघडलं तर आवाज सगळ्यात मोठा येईल. मग डिस्क टॉवेलात गुंडाळून कळंब्याला बहिणीकडे पोचवतो. ती कपाटात, तिच्या पैठणीखाली असते.